पापाचे वाटेकरी

वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. माणूस मारला की रांजणात एक खडा, असे सात रांजण भरलेले. मग नारदमुनी भेटतात आणि म्हणतात, घरी जाऊन विचारून ये, या पापात कोण कोण वाटेकरी होतंय ते. बायको, पोरं, आईबाप सगळे कानावर हात ठेवतात. तू आणलेलं खाल्लं हे खरं, पण पाप तुझं तुला लखलाभ! तिथून पुढे मग 'मरा मरा', वारूळ आणि रामायण.

शिंदखेड्याला शाळेत होतो तेव्हा मला या गोष्टीत सगळ्यात आवडायचे ते रांजण. कारण हिशेब डोळ्यांना दिसायचा. आमच्याकडे हिशेब म्हणजे अडत्याची वही. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, लांबुळकी, दोऱ्याने बांधलेली. प्रत्येक शेतकऱ्याचं एक पान, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. कापूस घातला की जमा, पेरणीला उचल घेतली की नावे. चित्रगुप्ताकडे अशीच वही असणार अशी माझी पक्की समजूत होती, आणि आपली भाषा बघितली तर ती फार चुकीचीही नव्हती. पाप लागतं, फिटतं, धुतलं जातं. पुण्य पदरात पडतं, पुण्याई सरते. घडा भरतो. सगळी क्रियापदं मोजमापाची किंवा धुण्याची.

आणि या वहीची आणखी एक गंमत (गंमत कसली!) म्हणजे मागची बाकी पुढे ओढलेली असते. गल्लीत एखादीचं नशीब फुटलं, ऐन तिशीत नवरा गेला, की ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "मांगला जल्मनं पाप शे, दुसरं काय!" त्यात वाईट हेतू नसायचा. तो त्यांचा सांत्वनाचाच प्रकार होता. पण ज्या बाईचा नवरा गेला तिच्या कानाने हे वाक्य ऐकून बघा. तिने काय केलं ते तिला आठवत नाही, आठवणं शक्यही नाही, आणि तरी नावे बाजूला रक्कम पडलेली आहे. अपील कुठे करायचं?

हे सगळं डोक्यात यायचं कारण गेले काही शनिवार-रविवार मी पंडिता रमाबाईंविषयी वाचतोय. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं, तिथे त्यांचं मुक्ती मिशन आजही आहे. रमाबाईंविषयी आपल्याला साधारण दोन गोष्टी माहीत असतात. एक, त्या संस्कृतच्या प्रचंड विद्वान होत्या आणि त्यांनी विधवांसाठी काम केलं. दुसरी, त्या ख्रिस्ती झाल्या. दुसरी गोष्ट एक तर दबक्या आवाजात सांगितली जाते नाही तर रागाने. पण त्या ख्रिस्ती झाल्या म्हणजे नेमकं काय पटलं त्यांना? मला वाटतं त्याचं उत्तर या जमा-नावेच्या भानगडीत आहे.

थोडं मागे जाऊ. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतलेले. मुलगी थोडी मोठी होईतो ते कुटुंब तीर्थयात्रेला निघालं होतं आणि मग ते वर्षानुवर्षं फिरतच राहिलं. या गावाहून त्या गावी, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर गुजराण करायची. ऐकणाऱ्याला पुण्य, सांगणाऱ्याला पुण्य. मिळालेल्यातलं दान करायचं, तीर्थात स्नान करायचं, जप, उपास. जमा बाजू इतकी भरलेलं दुसरं कुटुंब त्या काळात सापडणं अवघड. आणि मग १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, मग थोरली बहीण गेली. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसं मिळेनात. रमाबाईंनाच खांदा द्यावा लागला, आणि उंची कमी म्हणून त्यांनी ती तिरडी खांद्याऐवजी डोक्यावर धरली. हे सगळं त्यांनी पुढे १९०७ मध्ये आपल्या आत्मनिवेदनात लिहिलं आहे.

त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. पुढे भाऊ गेला. त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, मुलगी झाली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवराही गेला. तेव्हा रमाबाईंचं वय २३. म्हणजे आता त्या स्वतःच त्या नावे बाजूला येऊन बसल्या.

'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे त्यांचं १८८७ चं इंग्रजी पुस्तक. त्यात विधवांवरचं प्रकरण आहे आणि त्यातला मुद्दा हाच आहे की वैधव्य हे दुर्दैव मानलं जात नाही, ती शिक्षा मानली जाते. मागच्या जन्मी स्त्रीने केलेल्या पापाची. म्हातारी, मुलंबाळं असलेली विधवा जरा तरी सुटते. पण आठ-दहा वर्षांची, संसार म्हणजे काय हे न कळलेली पोर सगळ्यात जास्त दोषी, कारण तिच्या वाट्याला मुलगासुद्धा आला नाही. केशवपन, एकवेळ जेवण, शुभकार्यात तोंड न दाखवणं ही क्रूरता म्हणून केली जात नव्हती. ती वसुली होती. एकदा 'पाप' या शब्दाचा अर्थ असा ठरला की प्रेमळ आईबापसुद्धा वसुली अधिकारी होतात.

असो. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेज या गावी, अँग्लिकन जोगिणींच्या मठात. (जोगिणी हा शब्द बरोबर वाटत नाही, पण 'नन'ला आपल्याकडे दुसरा चांगला शब्द तरी कुठे आहे?) त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमलं नाही. तिथे असताना सिस्टर्स त्यांना लंडनजवळ फुलहॅमला घेऊन गेल्या. तिथे वेश्याव्यवसायातून बाहेर आलेल्या बायकांसाठी एक आश्रम होता. रमाबाईंना धक्का बसला तो तिथल्या वागणुकीचा. त्या बायकांना कोणी हिडीसफिडीस करत नव्हतं. आपल्याकडे 'पतित' म्हटलं की माणसाचं नावच कटलं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे असं का करता? एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. पाच नवरे झालेली, परक्या जातीची, भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली बाई, आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी धर्माच्या गोष्टी बोलतो. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

इथे बहुतेक लेख संपतात, पण खरी गोष्ट इथून सुरू होते. कारण बाप्तिस्म्यानंतर त्या काही गरीब गाय झाल्या नाहीत. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डाइन आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या मिस बील यांच्याशी झालेला पत्रव्यवहार छापलेला आहे. त्यात त्या त्रैक्यावर वाद घालतात, बिशप म्हणतात म्हणून मी का ऐकू असं विचारतात, आणि गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत म्हणतात! एक बंधन सोडून आले ते दुसरं गळ्यात घालून घ्यायला नाही, असा एकूण सूर. आणि आत्मनिवेदनात त्या स्वतः सांगतात की तब्बल आठ वर्षं त्यांच्याकडे ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता.

म्हणजे काय? मलाही हे वाक्य आधी नुसतं अलंकारिक वाटलं होतं. पण त्यांचं म्हणणं साधारण असं दिसतं की धर्म बदलला, वही मात्र बदलली नव्हती. आधी तीर्थ, उपास, दान. आता प्रार्थना, चर्च, सत्कृत्यं. पान नवीन, रकाने तेच. १८९१ च्या सुमाराला त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं पुस्तक आलं. हे हॅस्लम कॉर्नवॉलमधले. पाद्री म्हणून वर्षानुवर्षं काम केलेले, आणि १८५१ मध्ये एका रविवारी स्वतःच्याच चर्चमध्ये स्वतःच प्रवचन देताना त्यांना एकदम कळलं की आपण जे सांगतोय ते आपल्याला कधी लागूच झालं नव्हतं. रमाबाईंना ते पुस्तक वाचून स्वतःचं निदान सापडलं.

आता हे निदान समजून घ्यायचं तर बायबलमधले दोन शब्द थोडे उलगडावे लागतात. ग्रीक नव्या करारात पापाला जो शब्द आहे, हामार्तिया, त्याच्या मुळाशी नेम चुकणं आहे. बाण निशाणाला लागला नाही. रोमकरांस पत्रात पौल जेव्हा म्हणतो की सगळ्यांनीच पाप केलं आहे, तेव्हा तो रांजणातले खडे मोजत नाहीये. तो म्हणतोय की माणूस नावाचा धनुर्धारीच बिघडलेला आहे. कोणाचा बाण चार बोटं चुकला, कोणाचा चार हात, पण लागला कोणाचाच नाही.

दुसरा शब्द अवघड आहे. मराठी बायबलमध्ये तो 'नीतिमत्त्व' असा येतो. आपण हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास येतो. मग 'विश्वासाने नीतिमान ठरणे' हा शब्दप्रयोग वाचला की आपण चक्रावतो. नुसता विश्वास ठेवला म्हणून कोणी नीतिमान कसा होईल? आमच्या ऑफिसमध्ये नाही होत बुवा! :-) पण त्या शब्दप्रयोगात लक्ष 'नीतिमान'वर नाही, 'ठरणे'वर द्यायचं. मूळ ग्रीक शब्दाला कोर्टाचा वास आहे. न्यायाधीश निकाल देतो तेव्हा आरोपीचा स्वभाव बदलत नाही, त्याची स्थिती बदलते. धुळ्याच्या कोर्टातून निर्दोष म्हणून बाहेर आलेला माणूस आत गेला होता तोच असतो, पण आता त्याला पोलीस हात लावू शकत नाहीत. शिवाय पौल अब्राहामाचं उदाहरण देतो तेव्हा जे क्रियापद वापरतो ते चक्क हिशेबाचं आहे, अमुक खात्यावर जमा धरणं. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो विश्वास त्याच्या खात्यावर नीतिमत्त्व म्हणून जमा झाला. म्हणजे पौलालाही वही ठाऊक होतीच. त्याने फक्त भरणा करणारा हात बदलला.

हेच ओझं सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरच्या डोक्यावर होतं. कायद्याचं शिक्षण सोडून १५०५ मध्ये मठात गेलेला हा जर्मन साधू कबुलीजबाबात तासन् तास घालवायचा, कारण एखादं पाप सांगायचं राहून गेलं तर? देवाचं 'नीतिमत्त्व' म्हणजे देव ज्या काटेकोरपणाने शिक्षा करतो तो गुण, असं तो समजायचा आणि त्या शब्दाचा त्याला तिटकारा होता. पौलाचं पत्र शिकवता शिकवता त्याला दुसरा अर्थ दिसला, की हे नीतिमत्त्व देव मागत नाही, देतो. पुढचा युरोपचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

आपल्या पिढीच्या भाषेत सांगायचं तर अप्रेझल आणि ऑफर लेटर यांच्यात जो फरक आहे तो. अप्रेझल वर्षभराच्या कामावर. ऑफर लेटर आधी हातात पडतं, काम नंतर. ऑफर लेटर मिळालंय म्हणून कोणी काम करायचं सोडत नाही, निदान पहिले सहा महिने तरी! (हा आक्षेप जुनाच आहे. सगळं माफच असेल तर मग पाप करत का राहू नये, हा प्रश्न पौलाने स्वतःच त्या पत्रात विचारून घेतला आहे आणि याकोबाच्या पत्रात तर कृतीवाचून विश्वास मेलेला आहे असा सूर आहे. ल्यूथरला ते पत्र फारसं आवडत नसे हे ओघाने आलंच.)

आता हे सगळं एका बालविधवेच्या जागेवरून बघा.

'सगळेच पापी' हे वाक्य आपल्याला शिवी वाटते. मिशनऱ्यांवर चिडणाऱ्यांचा हा नेहमीचा मुद्दा असतो की हे लोक येऊन आपल्याला पापी म्हणतात. सुस्थितीतल्या माणसाला ती शिवीच आहे. पण जी दहा वर्षांची मुलगी घरात एकटीच पापी ठरवली गेलेली आहे, तिला 'सगळेच' हा शब्द काय वाटला असेल? सासूही. भटजीही. केशवपनाचा मुहूर्त काढणारा सासराही. एका फटक्यात तिच्या पापाचं वेगळेपण गेलं. आणि ते कोणत्या तरी न आठवणाऱ्या जन्मातलं राहिलं नाही. पुन्हा वर, वाल्याच्या बायकोने ज्या गोष्टीला नकार दिला, त्या गोष्टीला कोणी तरी हो म्हटलंय असा दावा. मी वाटेकरी होतो. वाटेकरी कशाला, सगळंच माझ्या नावे टाक. ख्रिस्ती धर्मात क्रुसाचा अर्थ हाच आहे. दावा खरा की खोटा हे ज्याचं त्याने ठरवावं, पण रमाबाईंना तो अनंतशास्त्र्यांच्या मुलीच्या कानांनी ऐकू आला हे मला आता नीट कळतं.

हे आपल्याकडे अजिबात नव्हतं असं म्हणणं मात्र चुकीचं होईल. वाल्याची गोष्ट शेवटी नामाने सात रांजण फुकट घालवते, तेही उलट्या नामाने! वारकरी संतांनी तर हिशेबाची वही केव्हाच इंद्रायणीत टाकली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले, ते म्हणायचे की मी तुकारामांनी बांधलेल्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. उलट त्यांच्या सासरी काय होतं? लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्यांचे वडील आठवतील. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि तेव्हापासून या माणसाच्या डोक्यात सोवळ्याने घर केलं. धान्य धू, मीठ धू, साखर धू. मीठ धुतल्यावर काय उरत असेल! लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात, पण त्या घरातल्या बायकांना ते हसू येत नव्हतं. पाप ही बाहेरून चिकटणारी गोष्ट मानली की धुण्याला शेवट नाही.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू असा शब्द दिलेला होता. पण त्या स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि मुली येऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळीही बाहेर पडली. कोणाचं बरोबर? आठवी-नववीच्या वयाच्या, घरादाराने टाकलेल्या मुलीला उघडं दार म्हणजे नुसतं उघडं दार नसतं, एवढं टीकाकारांचं मान्य करावं लागतं. पण त्याच सदनातली सुरुवातीची विद्यार्थिनी गोदूबाई १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून बाया कर्वे झाली, हिंदूच राहिली, आणि तिच्या कपाळावरचं 'पाप' पुसायला तिला बाप्तिस्मा लागला नाही. हेही त्याच उघड्या दाराच्या घरात घडलं.

मला खरी अडचण होते ती पुढे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ. दुसऱ्यात आमचा खानदेशही होरपळला होता. रमाबाईंनी आधी मध्य प्रांतातून आणि मग गुजरातेतून शेकडो मुली आणल्या आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी तिथे वेगळं घर होतं, त्याचं नाव कृपा सदन. फुलहॅम केडगावात आलं म्हणायचं. आणि मग जून १९०५ मध्ये तिथे ते 'पुनरुज्जीवन' झालं. शेकडो मुली तासन् तास रडत, ओरडत, आपापली पापं कबूल करत होत्या. समकालीन मिशनरी लेखक हे फार आनंदाने सांगतात. मी वाचताना थांबलो. दुष्काळात आईबाप मेलेल्या, विकल्या गेलेल्या, रस्त्यावर सापडलेल्या या मुली. यांनी असं काय केलं होतं? 'सगळेच पापी' हे वाक्य सासरा आणि सून यांना एका ओळीत बसवतं तेव्हा सुटका करतं, पण ज्याने केलं आणि जिने सोसलं ते दोघं एकाच ओळीत बसल्यावर केल्याचं काय होतं? पौलाच्या पत्रात याचं उत्तर असेल तर मला ते अजून पुरेसं वाटलेलं नाही. माझ्या एका ख्रिस्ती मित्राचं म्हणणं असं की कबुली देताना माणूस पहिल्यांदा कर्ता होतो. ज्या मुलींच्या आयुष्यात सगळं दुसऱ्यांनीच केलं, त्यांना 'मी केलं' म्हणता येणं ही छोटी गोष्ट नाही. हे मला विचार करण्यासारखं वाटलं. पटलं असं नाही म्हणणार.

रमाबाईंनी मात्र शेवटची वर्षं शब्दांवर घालवली. आधीचं मराठी बायबल त्यांना जड वाटायचं, संस्कृताने लादलेलं आणि त्या शब्दांमागून जुने अर्थ घेऊन येणारं. ही अडचण त्यांच्याही आधीची आहे. थॉमस स्टीफन्सने गोव्यात १६१६ मध्ये ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं तेव्हा स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं, आणि वैकुंठ म्हटलं की विष्णू आलाच. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी सबंध बायबलचं भाषांतर स्वतः करायला घेतलं, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला वाचता यावं अशा मराठीत. छपाई केडगावलाच, मिशनच्या छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या, पानं लावणाऱ्या, बांधणी करणाऱ्या तिथल्याच बायका आणि मुली. १९२१ च्या जुलैत मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. १९२४ मध्ये ते पुस्तक त्या बायकांनी छापून बाहेर काढलं.